किल्लीच्या हुकमातली फ्यूजपेटी



गावच्या चौकात चहाच्या टपरीपुढे ज्या मोटारसायकली उभ्या असतात, त्या एकदा जरा निरखून पाहा. कंपनीतून आली तशीच राहिलेली गाडी क्वचित दिसेल. कुणाच्या हॅण्डलवर मोबाईल अडकवायचा चिमटा आणि शेजारी चार्जर आहे, कुणी पुढे दोन जादा एलईडी दिवे बसवले आहेत, कुणाचा हॉर्न ट्रकला लाजवील असा आहे. हे सगळे हौसेपोटीच होते असे मुळीच नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे चारला दुधाच्या किटल्या लावून जो निघतो, त्याला धुक्यात रस्त्याची कड दिसावी लागते. जिथे शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते, तिथे पाणी द्यायला जाणाऱ्याला खाचखळग्यांची वाट तुडवावी लागते. गरज खरी आहे. तेव्हा आज आपण बोलणार आहोत ते या वस्तू असाव्यात की नसाव्यात याबद्दल नव्हे, तर त्या जोडाव्यात कशा याबद्दल.

कारण जोडणी बहुधा कशी होते ते तुम्हीही पाहिले असेल. सीट उघडायची, बॅटरीच्या दोन टोकांवर दोन वायरी पिळायच्या, वर काळी पट्टी गुंडाळायची, झाले काम. पुढच्या महिन्यात दुसरी वस्तू येते, तिच्या आणखी दोन वायरी. वर्षभरात बॅटरीच्या डोक्यावर वायरींची जुडी तयार होते आणि कोणती कुठे गेली हे बसवणाऱ्यालाही सांगता येत नाही. बारा व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही, म्हणून या कामाची कुणाला भीती वाटत नाही. पण अंगाला झटका न देणारी वीजही वायर लाल करू शकते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

अशा जोडणीत दोन धोके आहेत. पहिला बॅटरी उतरण्याचा. त्याचा हिशेब पाटीवर करता येईल इतका सोपा आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. ४ अँपिअर-तास म्हणजे, ढोबळ मानाने, एक अँपिअरचा प्रवाह चार तास, किंवा चार अँपिअरचा एक तास. आता वीस वॅटचे दोन जादा दिवे धरा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ४० भागिले १२, म्हणजे जवळजवळ साडेतीन अँपिअर. डेअरीवर गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली, पण दिव्याचे बटण बंद करायचे राहिले, तर तासाभरात बॅटरीने मान टाकलीच म्हणून समजा. दिवे निदान दिसतात तरी. चार्जरचे तसे नाही. मोबाईल काढून घेतला तरी आतला लहानसा भाग काही मिलिअँपिअर पीतच असतो. तो वीस मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर दिवसरात्रीत अर्धा अँपिअर-तास जातो. गाडी आठवडाभर अंगणात उभी राहिली की बॅटरी रिकामी.

पूर्वी याचे फारसे बिघडत नसे. दोन-चार किका जास्त मारल्या की गाडी चालू होई. आता तसा भरवसा धरता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांपैकी बहुतेकांत कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारण्याची पद्धत आली. पेट्रोल ढकलणारा पंप आणि त्यावर हुकूम चालवणारा लहानसा संगणक, दोघेही विजेवर चालतात. बॅटरी पार उतरलेली असेल तर नुसत्या किकवर गाडी उठेलच असे नाही. पहाटे चारला दूध लावलेले आणि गाडी मुकी, अशी वेळ आली म्हणजे त्या मिलिअँपिअरची किंमत कळते.

दुसरा धोका आगीचा. इथे फ्यूज म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे, कारण त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. फ्यूज दिव्याला किंवा चार्जरला वाचवण्यासाठी असतो असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो असतो वायरीला वाचवण्यासाठी. हॅण्डल वळता वळता एखादी वायर सांगाड्यावर घासली, वरचे प्लॅस्टिक सोलले गेले आणि आतले तांबे लोखंडाला टेकले, तर प्रवाहाला दिव्यातून जाण्याचे कारणच उरत नाही. तो जवळच्या वाटेने परत फिरतो. त्या वाटेवर अडवणारे काही नसते, म्हणून एवढीशी बॅटरीही क्षणभर पन्नास अँपिअरांच्या पुढे सहज देते. आणि वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, दसपट झाला तर शंभरपट. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, पण त्यावरचे प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ होऊन पेट घेते. म्हणून वाटेत मुद्दामच एक कच्चा दुवा ठेवायचा, की जो इतर कशाच्याही आधी तुटेल. तोच फ्यूज.

शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल. टॉर्चचे चार सेल एकापुढे एक जोडावेत आणि दोन वायरींच्या टोकांमध्ये भांडी घासण्याच्या बारीक पोलादी लोकरीचा एकच केसासारखा धागा धरावा. धागा क्षणात लाल होऊन तुटतो. वायरी मात्र जशाच्या तशा राहतात. धागा चिमट्याने धरावा, खाली फरशी असावी आणि मुलांना हातभर लांब बसवावे.

एडिसनने विजेच्या दिव्यांचा धंदा उभारताना हा कच्चा दुवा एका ठोकळ्यावर बसवून सहज बदलता येईल असा केला आणि १८९० साली त्याचे पेटंट घेतले. आज गाड्यांत जे दोन पात्यांचे रंगीत, चपटे फ्यूज दिसतात ते १९७६ पासूनचे. त्यांचे रंग उगीच शोभेसाठी नाहीत. जांभळा ३ अँपिअरचा, फिकट बदामी ५ चा, गडद तपकिरी साडेसातचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. हे रंग ध्यानात ठेवले तर अंधारात चष्मा शोधावा लागत नाही. एवढेच की बदामी आणि तपकिरी यांची गल्लत सहज होते, तेव्हा त्यावरचा आकडाही वाचावा.

आपल्याकडे डीपीवरचा किंवा घरातला फ्यूज उडाला की त्यात जाड तार घालण्याची एक वाईट खोड आहे. मोटारसायकलवर तीच खोड सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचे रूप घेऊन येते. कागद गुंडाळला, दिवा लागला, काम भागले. काम भागले खरे, पण आता त्या वाटेवरचा सर्वांत कच्चा दुवा फ्यूज राहिला नाही. वायर स्वतःच कच्चा दुवा झाली.

आणि फ्यूज असून उपयोग नाही, तो योग्य जागी असला पाहिजे. दिव्याच्या वायरीबरोबर पुष्कळदा एक फ्यूज येतो, आणि बसवणारा तो सोयीसाठी दिव्याजवळ ठेवतो. मग बॅटरीपासून दिव्यापर्यंतची चार-पाच फूट वायर उघडी पडली. म्हणजे तिच्यावर प्लॅस्टिक आहे, पण पहारा नाही. फ्यूज पहारा देतो तो आपल्या पुढच्या वायरीवर, मागच्या वायरीवर नव्हे. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एक वीतभर अंतराच्या आत असावा. या भाषणातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी ही वीत लक्षात ठेवावी.

आता या दोन्ही धोक्यांवरचा उपाय सांगतो. बॅटरीपासून एकच जाड वायर काढायची, ती वीतभरात मुख्य फ्यूजमधून न्यायची, पुढे एका लहान पेटीत नेऊन तिच्या चार-सहा शाखा करायच्या, आणि प्रत्येक शाखेला आपापला फ्यूज द्यायचा. ही झाली फ्यूजपेटी. एका शाखेत दोष आला तर तेवढाच फ्यूज जाईल. चार्जरची वायर चेपली म्हणून पुढचे दिवे विझणार नाहीत. पण एवढ्याने बॅटरी उतरण्याचा प्रश्न सुटत नाही. पेटी किल्लीबरोबर जागी व्हावी आणि किल्लीबरोबर निजावी अशी तजवीज हवी.

मग सरळ किल्लीच्या स्विचमधूनच प्रवाह आणला तर? पुष्कळ जण तसे करतात. पण तो स्विच आणि त्याच्या बारीक वायरी कंपनीने गाडीच्या स्वतःच्या सामानापुरत्या मोजून घातलेल्या असतात. त्यांच्यावर आणखी पाच-सात अँपिअर लादले तर आतले स्पर्शबिंदू जळू लागतात, आणि एक दिवस जादा दिव्यांबरोबर गाडीही बंद पडते.

इथे रिले उपयोगी पडतो. रिले म्हटले की लोक बिचकतात. पण विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्याने पाहिला आहे, त्याने रिले पाहिलाच आहे. स्टार्टरचे हिरवे बटण तुम्ही बोटाने दाबता, तेव्हा मोटारीचा सगळा प्रवाह त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला जागे करते. कॉइल लोहचुंबक बनते, जाड पट्ट्या खेचून धरते, आणि मोटारीचा प्रवाह त्या पट्ट्यांतून जातो. वीज गेली की कॉइलचे चुंबकत्व जाते आणि स्टार्टर पडतो. मोटारसायकलचा रिले म्हणजे हाच स्टार्टर, काड्यापेटीहूनही लहान. त्याच्या कॉइलला दीड-दोन दशांश अँपिअर पुरतात. तेवढे किल्लीच्या वायरीवर मुळीच जड नाहीत. किल्ली फक्त हुकूम देते, ओझे रिले उचलतो.

रिलेच्या पोटाखाली चार पाती असतात आणि त्यांवर आकडे असतात. हे आकडे जर्मन प्रमाण पद्धतीचे असून जगभर तेच चालतात. ८६ आणि ८५ ही कॉइलची दोन टोके. ३० म्हणजे बॅटरीकडून आलेला प्रवाह. ८७ म्हणजे पुढे जाणारा प्रवाह. तेव्हा जोडणी अशी: बॅटरीचे धन टोक, वीतभरात मुख्य फ्यूज, तेथून ३०. ८७ पासून फ्यूजपेटीत. ८६ ला किल्लीकडून आलेली हुकमाची वायर, आणि ८५ बॅटरीच्या ऋण टोकाला. काही रिलेंत कॉइलला जोडून एक डायोड असतो, त्याला उलटसुलट चालत नाही. म्हणून ८६ ला धन आणि ८५ ला ऋण हीच सवय ठेवावी.

बाजारात पाच पात्यांचा रिलेही मिळतो. मधल्या पाचव्या पात्यावर ८७ ए असे लिहिलेले असते. ते पाते उलट्या स्वभावाचे आहे. कॉइल निजलेली असताना ते चालू आणि जागी झाली की बंद. चुकून पेटी त्यावर जोडली गेली तर गाडी बंद असताना सगळी उपकरणे जिवंत राहतील, म्हणजे ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पदरात पडेल. चार पात्यांचाच रिले घ्यावा हे बरे.

हुकमाची वायर कोठून घ्यावी हा या कामातला खरा कसोटीचा भाग. वायरींच्या रंगावर विसंबू नये, प्रत्येक कंपनीची रंगांची रीत वेगळी. बारा व्होल्टचा एक लहान बल्ब आणि दोन वायरी यांचा चाचणीदिवा करावा. त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे आणि दुसरे टोक मागच्या ब्रेकच्या स्विचला जी वायर येते तिला टेकवावे. इंजिन बंद ठेवून, ब्रेक न दाबता, किल्ली चालू केली की दिवा लागला पाहिजे आणि किल्ली बंद केली की विझला पाहिजे. या दोन्ही गोष्टी घडल्या तर ती वायर आपल्या कामाची. इंजिन बंद ठेवण्याचा आग्रह का? तर पुष्कळ जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्याला वीज बॅटरीची नसून थेट इंजिनवरच्या मॅग्नेटोची असे. ती प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणाक्षणाला दिशा बदलणारी. तिच्यावर रिले जोडला तर तो तडतडत राहील. इंजिन बंद असताना दिवा लागला म्हणजे वीज बॅटरीचीच, याविषयी शंका उरत नाही. हॉर्नकडे जाणारी वायरही याच परीक्षेने तपासून वापरता येते. मात्र नव्या गाडीत संगणकाकडे जाणाऱ्या वायरींना चाचणीदिवा लावू नये आणि त्यांना फाटाही काढू नये. आणि मूळ वायर कापून टाकणे तर कुठेच नको. मुदतीत असलेली कंपनीची हमी अशा कापाकापीवरून नाकारली जाऊ शकते. हुकमाच्या वायरीलाही सुरुवातीलाच दोन अँपिअरचा फ्यूज द्यावा. तो सांभाळला नाही तर तिच्यातल्या दोषाने गाडीचा ब्रेकदिवा आणि हॉर्न दोन्ही जातील.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, आणि तीच आधी. गाडीचा सगळा सांगाडा ऋण टोकाला बांधलेला असतो. (फार जुन्या काही विलायती गाड्यांत हे उलटे होते, पण त्या आता कौतुकापुरत्याच उरल्या आहेत.) धन बाजूचा बोल्ट फिरवताना पाना सांगाड्याला टेकला तर पाना हीच वायर होते आणि ठिणग्या उडतात. ऋण बाजू आधीच सुटलेली असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. जोडताना धन आधी, ऋण शेवटी. हातातले कडे, अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे.

वायर तांब्याची, बारीक धाग्यांची, गाडीसाठीच बनवलेली घ्यावी. एकाच जाड तारेची वायर भिंतीत ठीक, गाडीच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते. मुख्य वायर दीड चौरस मिलिमीटरची आणि तिच्यावर १० अँपिअरचा लाल फ्यूज, शाखा एक चौरस मिलिमीटरच्या आणि त्यांवर तीन किंवा पाच अँपिअरचे, एवढे लहान गाडीला पुरते. शाखेचा फ्यूज उपकरणाच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडा वर आणि वायरीच्या सोसण्यापेक्षा पुष्कळ खाली असावा. अठरा वॅटचा चार्जर दीड-पावणेदोन अँपिअर घेतो, त्याला ३ चा. वर सांगितलेल्या दोन दिव्यांना ५ चा. बदललेला फ्यूज पुन्हा उडाला तर मोठा घालू नये. वायर कुठे चेपली ते शोधावे.

सांधे पिळून पट्टी गुंडाळण्याऐवजी थिंबल दाबून बसवावे आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. मूळ वायरीला चावून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमट्या दुकानात स्वस्त मिळतात. त्या धागे कापतात आणि पहिल्या पावसाळ्यात आत हिरवा गंज धरतात, त्या मला स्वतःला अजिबात पसंत नाहीत. फ्यूजपेटी सीटखाली, झाकणाची बाजू खाली किंवा आडवी येईल अशी बसवली तर आत पाणी साचत नाही. हॅण्डलकडे जाणाऱ्या वायरीला मानेपाशी थोडी सैल ठेवून हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. सायलेन्सरपासून तिला दूर ठेवावे, टाकीखाली किंवा सीटच्या कडीखाली चेपू देऊ नये. उपकरणांची ऋण वायर सांगाड्याच्या रंगावर बोल्टाने आवळून चालत नाही, रंग वीज वाहत नाही. ती बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतच परत आणावी.

एक मर्यादा मात्र रिले आणि फ्यूज कितीही चांगले असले तरी ओलांडता येत नाही. ती म्हणजे इंजिन किती वीज तयार करते ही. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत इंजिन सुरू असेतो पुढचा दिवा पेटलेलाच असतो, म्हणजे त्या विजेचा एक वाटा आधीच खर्ची पडला. उरलेल्यात आपले भागते की नाही हे मीटर सांगतो. गाडी सुरू करून मध्यम गतीवर ठेवावी, सगळी जादा उपकरणे लावावीत आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावेत. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा दिसला तर ठीक. तो साडेबारा-पावणेतेराकडे घसरत असेल तर गाडी कमावते त्यापेक्षा जास्त खर्च करते आहे, एखादे उपकरण कमी करावे. आणि जादा दिवे खाली झुकवूनच बसवावेत. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणाऱ्या दिव्यांबद्दल दंड होतो, पण दंडापेक्षा समोरचा सायकलवाला महत्त्वाचा.

काम पुरे झाले की किल्ली बंद करून चाचणीदिवा पेटीच्या प्रत्येक शाखेला टेकवून पाहावा, कुठेही लागता कामा नये. मग किल्ली चालू करावी. सीटखाली रिलेचा बारीक ‘टिक’ ऐकू येईल आणि सगळ्या शाखा जिवंत होतील. पहिले आठ दिवस गाडी चालवल्यावर एकदा सीट उघडून सांधे हाताने चाचपावेत, कुठे गरम लागतो का ते पाहावे. आणि एका जाड कागदावर कोणता फ्यूज कशाचा, किती अँपिअरचा हे लिहून, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोन-तीन जादा फ्यूजांसह सीटखालीच ठेवून द्यावा.